डिकीचे कुलूप : दुरुस्तीच्या इतिहासाचे एक पान

मोटारगाडीच्या पाठीमागे सामान ठेवण्याची जी जागा असते, तिला मराठीत आपण 'डिकी' म्हणतो. हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की, स्कूटरच्या बाजूला लावलेल्या पत्र्याच्या पेटीलाही आपण डिकीच म्हणत आलो. वास्तविक या शब्दाचा मूळ अर्थ पाहिला, तर त्याचा सामानाशी काही संबंध नव्हता. इंग्लंडात घोडागाडीच्या मागे नोकराला बसण्यासाठी जी उघडी बैठक असे, तिला डिकी म्हणत. पुढे मोटारी आल्या आणि दोन आसनी मोटारींच्या पाठीमागे, छपराबाहेर, उघडमीट करता येणारी एक जादा बैठक आली. तिला तेच नाव मिळाले. खुद्द इंग्रज सामानाच्या जागेला 'बूट' म्हणतो. टपाल आणि उतारू नेणाऱ्या घोडागाड्यांत सामानासाठी जो खण असे, त्याचे ते नाव. अमेरिकी माणूस त्याच जागेला 'ट्रंक' म्हणतो. ट्रंक म्हणजे काय, हे मराठी वाचकास सांगायला नको. वसतिगृहात जाणाऱ्या मुलाबरोबर आणि बदलीच्या गावी जाणाऱ्या कारकुनाबरोबर ती लोखंडी ट्रंक आपल्याकडे अनेक पिढ्या हिंडली आहे.

एका झाकणाच्या या तीन नावांत तीन वेगवेगळ्या आठवणी आहेत : नोकराची बैठक, टपालगाडीचा खण आणि प्रवाशाची पेटी. शब्दांच्या इतिहासात रस असणाऱ्यांना एवढेही पुरेसे वाटेल. आम्हाला मात्र या लेखात त्या झाकणावरील दोन लहान वस्तूंकडे लक्ष वेधायचे आहे : त्याचे कुलूप आणि त्याची मूठ. जुन्या मोटारींविषयी लिहिणारे इंजिनाविषयी लिहितात, बांध्याच्या रेषांविषयी लिहितात, गाडी कोणत्या संस्थानिकाची होती हे तर हटकून लिहितात. डिकीची मूठ मोडली तेव्हा ती कोणी आणि कशी दुरुस्त केली, याची नोंद सहसा कोणी ठेवत नाही. ही नोंद न ठेवल्याने आपल्या इतिहासातील एक पुरावाच आपण हळूहळू पुसून टाकत आहोत, असे आमचे म्हणणे आहे.

प्रथम ही मूठ गाडीवर आली कशी, ते पाहू. १९२० च्या दशकातील बहुतेक बंद मोटारींना सामानाची अशी स्वतंत्र जागा नव्हती. मागच्या बाजूस लोखंडी पट्ट्यांची एक घडीची चौकट असे. तिच्यावर प्रवासाची पेटी ठेवून ती कातडी पट्ट्यांनी आवळत. पेटी गाडीची नव्हे, प्रवाशाची. म्हणून कुलूपही पेटीला. मुक्कामी पोचल्यावर ती सोडवून खोलीत नेली की गाडी पुन्हा मोकळी. १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी कारखान्यांनी पत्र्याचा बांधा मोठमोठ्या साच्यांत एका दाबात घडवण्यास सुरुवात केली. जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना अखंड पोलादी छप्पर दिले ते याच प्रगतीमुळे. पत्र्याला हवा तसा गोलावा देता येऊ लागल्यावर बाहेरची पेटी बांध्यातच सामावली गेली. काही वर्षे तर एकाच गाडीचे दोन प्रकार शेजारी शेजारी विकले जात : एक सपाट पाठीचा आणि दुसरा पाठीवर फुगवटा असलेला. त्या फुगवट्याकडे नीट पाहिले की, पट्ट्यांनी बांधलेल्या जुन्या पेटीचा आकार त्यात अजून ओळखू येतो.

पेटी बांध्यात गेली तेव्हा तिचे कुलूपही प्रवाशाकडून गाडीकडे गेले. बैठकीच्या डिकीचे झाकण खालच्या बाजूस बिजागरीवर असे आणि मागे कलले की तेच पाठ टेकायला होई; त्यामुळे त्याची मूठ वरच्या कडेला. सामानाच्या डिकीचे झाकण वरच्या बाजूस बिजागरीवर आले आणि मूठ खालच्या कडेला उतरली. तेथे ती चिखल, पाऊस आणि मागून येणाऱ्या वाहनांचे धक्के यांच्या तोंडी सापडली. मुठीच्या पुढील दुर्दशेची सुरुवात या स्थलांतरात आहे.

आता कुलूप. सपाट किल्लीने उघडणाऱ्या आधुनिक कुलपाचे श्रेय लायनस येल या अमेरिकी कारागिराला दिले जाते. १८६१ आणि १८६५ या वर्षांतील त्याची एकस्वे प्रसिद्ध आहेत. मुळात वेगवेगळ्या उंचीच्या खिट्ट्यांनी अडसर अडवून धरण्याची युक्ती प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होती. मोटारीच्या कुलपांपैकी अनेकांत खिट्ट्यांऐवजी पितळेच्या पातळ पत्त्या आल्या. नळीच्या आत ओळीने बसवलेल्या या पत्त्यांना मागून बारीक स्प्रिंगा रेटत असतात. योग्य किल्ली आत गेली की साऱ्या पत्त्या एका पातळीवर येतात आणि नळी फिरते. पत्त्या सहा आणि प्रत्येकीच्या शक्य उंच्या चार धरल्या, तर हिशेबाने ४०९६ निरनिराळ्या किल्ल्या होतात. प्रत्यक्षात यांतल्या बऱ्याच जुळण्या वापरता येत नाहीत. इंग्रजी गाड्यांत तर याहून गंमत होती. तेथील काही किल्ल्यांच्या मालिकांत शंभराच्या आसपासच प्रकार असत आणि किल्लीचा क्रमांक पुष्कळदा कुलपाच्या तोंडावरच कोरलेला असे. ज्याला वाचता येते त्याने तो वाचावा आणि दुकानातून त्या क्रमांकाची किल्ली घ्यावी! याचा अर्थ असा की, ही कुलपे सराईत चोरासाठी नव्हती. जाता जाता सहज हात घालणाऱ्याला अडवणे एवढेच त्यांचे काम होते.

मग गाडीच्या मालकाचा अविश्वास नेमका कोणावर होता? अनेक अमेरिकी गाड्यांबरोबर दोन वेगळ्या किल्ल्या मिळत. एक गाडी सुरू करण्याची, दुसरी डिकीची आणि पुढच्या लहान खणाची. हॉटेलच्या दाराशी गाडी उभी करण्यासाठी नोकराच्या हाती पहिली किल्ली द्यावी, दुसरी आपल्या खिशात ठेवावी, अशी ती सोय होती. ज्या समाजात गाडीचा मालक आणि गाडी चालवणारा हे निराळे होते, तेथे या सोयीला किती अर्थ आला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. कोठीघराची किल्ली कमरेला ठेवणारी गृहिणी आपल्या परिचयाची आहे. जो गाडी चालवतो त्याने गाडीतील सारेच उघडावे असे नाही, हा त्याच तर्काचा पुढचा टप्पा. नोकराच्या बैठकीवरून ज्या जागेला नाव मिळाले, तिची किल्ली नोकराकडे राहू नये अशी व्यवस्था झाली. शब्दाचा आणि वस्तूचा प्रवास असा कधी कधी उलट दिशांनी होतो.

मूठ हा मात्र निराळा विषय आहे; तिचा इतिहास धातूंचा आहे. प्रारंभीच्या मोटारींच्या मुठी पितळेच्या असत. त्यांच्यावर निकेलचा मुलामा देत. निकेल कालांतराने पिवळट पडते, म्हणून १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यावर क्रोमियमचा थर देण्याची पद्धत रूढ झाली. हा वरचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. चकाकतो तो, पण संरक्षण करते ते त्याखालचे निकेल आणि तांबे. याच सुमारास मुठीचा गाभाही बदलला. पितळेऐवजी जस्ताचा मिश्रधातू आला. वितळलेले जस्त पोलादी साच्यात दाबाने भरले की खाचा, भोके, अक्षरे, नक्षी यांसह मूठ एका क्षणात तयार होते. कानस लावावी लागत नाही, कारागीर लागत नाही. शंभर मुठी आणि लाख मुठी यांच्या दर्जात फरक पडत नाही.

पण जस्ताने एक दोष बरोबर आणला. त्यात शिसे, कथील किंवा कॅडमियम यांचा अत्यल्प अंश जरी मिसळला, तरी दमट हवेत धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आत शिरतो. मूठ आतून फुगते, तिला चिरा जातात आणि एके दिवशी ती बिस्किटासारखी तुटते. शुद्धतेचा हा प्रश्न न्यू जर्सी झिंक या अमेरिकी कंपनीने १९२९ साली आणलेल्या अतिशुद्ध जस्ताच्या मिश्रधातूंनी, म्हणजे 'झामाक'ने, बराचसा सोडवला. तथापि सगळेच कारखाने एवढी काळजी घेत होते असे नव्हे; आणि शुद्ध जस्तालाही मुलाम्याच्या सूक्ष्म छिद्रांतून शिरणारे पाणी सोडत नाहीच. मुलाम्याखाली फोड येतात, फोड फुटतात, खड्डे पडतात.

अशा गाड्या मुंबईत मोठ्या संख्येने आल्या, त्याला एक निश्चित कारण होते. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि ४ डिसेंबर १९२८ रोजी तेथून पहिली गाडी बाहेर पडली. सुट्या भागांनी भरलेली खोकी बोटीने येत आणि शिवडीला गाडी उभी राही. फोर्डच्या गाड्यांचीही जुळणी मुंबईत होत असे. जोवर खोकी येत होती तोवर मोडलेली मूठ हा प्रश्न नव्हता. दुसरी मागवता येई. पुढे युद्ध आले. फेब्रुवारी १९४२ मध्ये अमेरिकेतील खासगी मोटारींचे उत्पादनच थांबले आणि १९४५ पर्यंत थांबलेले राहिले. स्वातंत्र्यानंतर चित्र आणखी बदलले. ज्यांना येथे खऱ्या अर्थाने उत्पादन करायचे नाही, नुसती जुळणी करायची आहे, त्यांनी काम आवरते घ्यावे, अशी शिफारस १९५३ साली टॅरिफ कमिशनने केली. शिवडीचा कारखाना १९५४ साली बंद झाला. आयातीवर निर्बंध आले. गाड्या मात्र रस्त्यावर होत्या आणि पुढची कित्येक वर्षे राहणार होत्या. समुद्रकाठची खारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत जस्ताच्या मुठींचे काय होणार, हे सांगण्यास धातुशास्त्रज्ञ नको होता.

येथून मिस्त्रीचा इतिहास सुरू होतो. तो कागदावर नाही, वस्तूंत आहे. म्हणून या दुरुस्त्या कशा होत, ते थोडे तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

अडकलेले कुलूप प्रथम रॉकेलमध्ये भिजत ठेवतात. जुने वंगण सुटले की पत्त्या मोकळ्या होतात. त्यानंतर आत तेल घालणे हा अननुभवी माणसाचा उपाय, कारण तेलावर धूळ बसते आणि काही दिवसांत पुन्हा लुकण तयार होते. जाणता मिस्त्री शिसपेन्सिलीचे शिसे खरवडून त्याची पूड कुलपात फुंकतो. हे शिसे म्हणजे खरे तर ग्राफाइट. ते कोरडे राहूनही घसरते. किल्ली हरवली असेल तर कोऱ्या किल्लीवर दिव्याची काजळी धरून ती कुलपात घालायची आणि हलकेच फिरवून पाहायची. पत्त्या जेथे अडतात तेथे काजळीवर खुणा उठतात. त्या खुणांवर कानस चालवायची, पुन्हा काजळी धरायची, पुन्हा घालायची. असे करता करता कुलूप स्वतःच आपली किल्ली सांगते. कुलूप उघडून पाहणे शक्य असेल तर नळी बाहेर काढतात. झिजलेल्या पत्त्यांची अदलाबदल करतात किंवा पितळी पत्र्यातून नवी पत्ती कापतात. स्प्रिंग बारीक तारेची वळवतात.

मुठीचे काम याहून कठीण. जस्ताच्या तुकड्यांना डाख देणे जवळजवळ अशक्य असते. तांबे-पितळ तापले की रंग बदलून इशारा देते. जस्ताचा हा मिश्रधातू चारशे अंशांच्या आतच, लाल न होता, एकाएकी ओघळून जातो. ज्याने आयुष्यभर पितळेला डाख दिला त्याच्या हाताचे सारे शिक्षण येथे निरुपयोगी ठरते. त्यावर मार्ग निघाला तो ओतकामाचा. मोडके तुकडे लाखेने किंवा मेणाने जोडून मूठ पूर्ववत उभी करायची, ती वाळूत दाबून साचा घ्यायचा आणि त्यात पितळ ओतायचे. मग कानस, पॉलिश, चौकोनी दांड्यासाठी भोक, आणि शेवटी निकेल व क्रोमचा मुलामा. ओतारी आणि तांबट यांच्याकडे या कामाची विद्या मोटारीच्या जन्माआधी कितीतरी शतके होती. देवाच्या मूर्ती आणि समया ओतणाऱ्या परंपरेने अमेरिकी गाडीची मूठ ओतावी, यात त्या परंपरेला काही जड गेले नाही. कारखान्याने कारागीर वगळण्यासाठी जस्त आणले होते. जस्त मोडले तेव्हा कारागिराखेरीज गत्यंतर उरले नाही.

अशा ओतीव मुठीत एक विशेष असतो आणि इतिहासाच्या अभ्यासकाने तो लक्षात ठेवण्याजोगा आहे. पितळ निवताना सुमारे दीड टक्क्याने आकसते. मूळ मुठीवरूनच साचा घेतला असेल तर तिची प्रत मुळापेक्षा तेवढी लहान येते. बारा सेंटिमीटर लांबीच्या मुठीत हा फरक जवळजवळ दोन मिलिमीटर भरतो. वर कानस आणि पॉलिश यांत थोडा आणखी जातो. दुसरीकडे पितळ जस्ताहून घनतेने सुमारे पाव पट जड. म्हणजे दुरुस्त केलेली मूठ ही मूळ मुठीहून किंचित लहान, पण वजनाने जड असते. नक्षीच्या कडा बोथट असतात, कारखान्याची अक्षरे पुसट झालेली असतात. मुलाम्याखाली काहीही दिसत नसले तरी मोजमाप आणि तराजू खोटे बोलत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. हस्तलिखितांची परंपरा अशीच चालते. एका पोथीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक नकलेत काही गळते, काही भर पडते. झिजलेल्या किल्लीवरून केलेली किल्ली आणि तिच्यावरून केलेली तिसरी यांत मूळ उंचवटे असेच उतरत जातात आणि एका पिढीत कुलूप उघडेनासे होते. त्या वेळी नळीवर कोरलेल्या क्रमांकाकडे जावे लागते. त्यावरून मूळ मापाची किल्ली पुन्हा कापता येते. पाठचिकित्सा म्हणजे तरी दुसरे काय? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि १९६६ साली ते पूर्ण झाले. त्या आवृत्तीत वर निश्चित केलेला पाठ आहे आणि खाली नाकारलेले पाठभेद आहेत. संपादकांनी पाठभेद जाळले नाहीत. कोणत्या प्रदेशात, कोणत्या लिपीत महाभारत कसे वाचले गेले, ते त्या तळटीपांमुळे आज कळते.

जुन्या मोटारींच्या बाबतीत मात्र तळटीपा ठेवण्याची रीत आपल्याकडे रुजलेली नाही. गाडी 'मूळ रूपात' आणणे हा आजच्या संग्राहकाचा आदर्श आहे. अमेरिकी गाड्यांसाठी तशाच दिसणाऱ्या नव्या मुठी, नवी कुलपे, नव्या किल्ल्यासुद्धा आज परदेशातून मागवता येतात. त्या आल्या की जुनी पितळी मूठ भंगारात जाते. यात संग्राहकाचा दोष काढण्याचे कारण नाही. त्याने पैसा खर्च केला आहे, गाडी प्रदर्शनात उभी राहायची आहे, परीक्षक कारखान्याच्या चित्राशी गाडी ताडून पाहणार आहेत. शिवाय सगळ्याच जुन्या दुरुस्त्या सुबक होत्या असेही नव्हे. कुलूप ड्रिलने फोडून काढणे, झाकणाला सरळ कडीकोयंडा ठोकणे आणि त्याला अलिगढी कुलूप लावणे, हाही दुरुस्तीचा एक प्रकार होताच. चकचकीत गाडीच्या पाठीवर तो कोयंडा कुरूप दिसतो, हे आम्ही नाकारत नाही. पण इतिहासाच्या दृष्टीने पाहिले तर तो बोलका आहे. पट्ट्यांनी बांधलेल्या पेटीला जसे बाहेरून कुलूप असे, तसेच ते पुन्हा बाहेर आले. ज्या वर्षांत सुटा भाग मिळत नव्हता, त्या वर्षांची ती खूण आहे.

या प्रश्नावर जगात विचार झालेला नाही असे नाही. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिस सनद तयार झाली. त्याच विचाराच्या आधारे जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली तुरिन सनद स्वीकारली. नवा भाग बसवताना तो मूळ भागापासून वेगळा ओळखता यावा म्हणून त्यावर कायमची खूण असावी, केलेल्या कामाची नोंद ठेवावी, आणि वापराच्या काळात वाहनात झालेले बदल हाही त्याच्या इतिहासाचाच भाग मानावा, अशी तिची दिशा आहे. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, सांगाडा, बांधा व इंजिन यांत मोठे फेरफार न झालेले वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नियम आपल्या जागी योग्यच आहे. पण त्याची नजर मोठ्या भागांवर आहे. मूठ आणि कुलूप यांच्यापर्यंत कोणताही कायदा पोचणार नाही. तेथे मालकाची आणि मिस्त्रीची समजच उपयोगी पडेल.

हा प्रश्न राजेरजवाड्यांच्या गाड्यांपुरता राहिलेला नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या निघाल्या आणि त्यांचीच पुढे 'पद्मिनी' झाली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, हे समीकरण कित्येक दशके टिकले. तिच्या डिकीचाही एक उत्तरार्ध आहे. टॅक्सी सीएनजीवर आल्या तेव्हा वायूची टाकी डिकीत बसली आणि उतारूचे सामान टपावरच्या चौकटीवर गेले. बाहेरून आत आलेली ट्रंक पुन्हा बाहेर, दोरीने बांधलेली! शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस वीस वर्षांची मुदत संपून सेवेतून गेली. खासगी पद्मिनी अजून आहेत. १९७४ सालची पद्मिनी २०२४ साली पन्नास वर्षांची झाली, म्हणजे ती आता जुन्या वाहनांच्या पंक्तीत बसू शकते. पण ज्या टॅक्सींमुळे तिच्या कड्या, मुठी, बिजागऱ्या दुरुस्त करणाऱ्या हातांना रोज काम मिळत होते, त्या राहिल्या नाहीत. विद्या टिकते ती रोजच्या कामाने. वर्षातून एकदा भरणाऱ्या मिरवणुकीने ती टिकत नाही.

मग करावे काय? मोडक्या मुठी मोडक्याच ठेवाव्यात, असा आमचा आग्रह नाही. गाडी हे वापरायचे यंत्र आहे. तिची डिकी उघडली पाहिजे आणि बंदही झाली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, नवी मूठ बसवण्यापूर्वी जुनीचे मोजमाप घ्यावे, वजन करावे, छायाचित्र काढावे. कुलपाच्या नळीवरील क्रमांक पॉलिशच्या चाकाखाली जाण्याआधी उतरवून घ्यावा. ती मूठ कोणत्या बाजारात, कोणत्या ओताऱ्याकडे झाली हे सांगणारा कोणी हयात असेल तर त्याचे नाव, गाव आणि त्याने वापरलेले शब्द लिहून घ्यावेत. हे शब्द कोशांत क्वचितच सापडतात. ते कामाबरोबर जन्मले आणि कामाबरोबर जातात. आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात नकलनवीसांची नावे पोथीच्या शेवटी तरी सापडतात. मिस्त्रीला तेवढीही जागा मिळालेली नाही.

आणि काढलेली मूठ टाकू नये. तिच्यासाठी वेगळे संग्रहालय नको, काचेचे कपाटही नको. एका फडक्यात गुंडाळून, सोबत तारीख घातलेली चिठ्ठी ठेवून, ती त्याच गाडीच्या डिकीत ठेवावी. नव्या कुलपाला राखण्यासारखे तेवढेच पुष्कळ आहे.